रोखीचा बाजार कराडला, उधारीचा शिराळ्याला



उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आपल्या तालुक्यात एक गोष्ट हमखास दिसते. कोकरूडकडची मंडळी शेडगेवाडीवरून उंडाळ्याच्या रस्त्याने कराड गाठतात. मांगले-सागावकडची वारणा ओलांडून कोल्हापूरकडे वळतात. शिराळ्याच्या आसपासची पेठ नाक्यावर जातात आणि तिथून मिळेल त्या गाडीने पुढे. लग्नाचा बस्ता, घरातला फ्रीज, पोरांचे कपडे, दिवाळीचा किराणा, सारे बाहेरून येते. परतताना कुणाला तरी आठवते की सोयाबीनचे औषध राहिलेच. मग शिराळ्याच्या स्टँडवर उतरून नेहमीच्या दुकानात जायचे, औषध घ्यायचे आणि पायरी उतरता उतरता म्हणायचे, "लिहून ठेवा, पुढच्या हप्त्याला बघू."

शेतीच्या पानावर दुकानदारीचा विषय कशाला, असे कुणी म्हणेल. पण तालुक्याची पेठ बसली तर पहिला फटका व्यापाऱ्याला बसतो आणि दुसरा आपल्याला, आणि तो दुसरा जास्त दिवस दुखतो. गेल्या काही वर्षांत गावोगाव फिरताना जे दिसले त्यावरून हे लिहीत आहे.

मोटर भरून देणाऱ्या कारागिराचेच घ्या. एप्रिल महिन्यात, उसाला पाण्याची खरी गरज असते तेव्हा, नदीवरची मोटर जळते. पूर्वी ती मोटारसायकलवर घालून पेठेत नेली की कारागीर रात्री बसून वाइंडिंग करायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मोटर पाण्यावर. आता अशा दुकानांतील एखादे बंद होते, कारण पोरगा पुण्याला कंपनीत लागलेला असतो आणि बापाला एकट्याला ओझे उचलत नाही. मग मोटर जाते कराडला. तिथे आपण अनोळखी गिऱ्हाईक, आपला नंबर मागे. तीन-चार दिवस जातात. भर उन्हाळ्यात एक पाळी चुकली की उसाचे काय होते ते मी तुम्हाला सांगायला नको. फवारणी पंपाचा वॉशर, कोळप्याची पास, रोटाव्हेटरची पाती, चपलेचा अंगठा, शिवणयंत्राचा पट्टा, गाईचे औषध, या सगळ्या गोष्टी जवळच लागतात आणि त्याच दिवशी लागतात. त्या विकून किंवा दुरुस्त करून कुणी श्रीमंत होत नाही. असा माणूस पेठेत टिकतो तो बाकीच्या गिऱ्हाइकीच्या वर्दळीवर. कापड घ्यायला आलेली बाई पंपाचा वॉशर घेऊन जाते, तेव्हा वॉशरवाला जगतो.

आपल्या गावाला जुनी माणसे बत्तीस शिराळा म्हणतात. बत्तीस खेड्यांचे गाव, असा त्याचा अर्थ सांगितला जातो. म्हणजे हे गाव नुसते आपल्या घरांवर उभे नाही, ते भोवतालच्या खेड्यांच्या येण्याजाण्यावर उभे आहे.

आता थोडा हिशेब करू. आकडे केवळ उदाहरणासाठी धरतो, तुमच्या घरचे तुम्ही घाला. समजा एका घरातून वर्षाला ६० हजार रुपयांची खरेदी तालुक्याबाहेर होते. गावात अशी २०० घरे. एकूण झाले १ कोटी २० लाख. त्यात दुकानदाराचा नफा दहा टक्के धरला तर १२ लाख. महिना साडेबारा हजार पगाराच्या आठ पोरांची वर्षाची कमाई. ही एका गावाची गोष्ट झाली. मग आपणच म्हणतो की इथे पोरांना काम नाही, मुंबईला गेल्याशिवाय भागत नाही.

पण नुसते "आपल्या गावात खरेदी करा" असे सांगून माणूस ऐकत नाही, आणि का ऐकावे? कराडला माल जास्त, किंमत लिहिलेली, चार रुपये कमी. मार्च २०२३ पासून एस. टी.त महिलांना निम्मे भाडे आहे, त्यामुळे बाहेर जाणे पूर्वीइतके महागही राहिलेले नाही. खरी गोम वेगळीच आहे. आपण पैसे असले की बाहेर जातो आणि नसले की शिराळ्यात येतो. पेठेला आपण रोखीचे गिऱ्हाईक देत नाही, उधारीचे देतो. ही एक गोष्ट बदलली तर पुष्कळ बदलेल.

उधारी कशी फिरते ते बघा. दुकानदार सांगलीच्या किंवा कराडच्या ठोक व्यापाऱ्याकडून माल आणतो. त्याला पंधरा दिवसांत, फार तर महिन्यात पैसे द्यावे लागतात. तो आपल्याला देतो ऊस जाईपर्यंत. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याने ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत पैसे द्यायला हवेत, पण बिल हप्त्याहप्त्याने येण्याचा अनुभव पुष्कळांना आहे. शिवाय आडसाली लावण असेल तर ऊस जायलाच दीड वर्ष. एवढा काळ दुकानदाराचे भांडवल आपल्या शिवारात अडकलेले असते. त्यामुळे त्याच्या फळीवर माल कमी. माल कमी म्हणून आपण कराडला. आपण कराडला म्हणून त्याच्याकडे रोख कमी. रहाटगाडगे हे असे फिरत राहते, आणि दर फेरीला पाणी थोडे कमी येते.

ही उधारी फुकटही नसते. खताच्या पोत्यावर छापलेल्या किमतीपेक्षा जास्त घेणे हा १९८५ च्या खत नियंत्रण आदेशाप्रमाणे गुन्हा आहे, पण वहीत भाव कसा चढतो हे आपण सारे जाणतो. कधी पोत्यामागे रक्कम वाढते, कधी युरिया हवा असेल तर सोबत नको असलेली बाटली घ्यावी लागते. रोख देणारा माणूस "बाटली नको" असे म्हणू शकतो. ज्याचे मागचे सहा हजार वहीत आहेत तो काय बोलणार?

याहून मोठे नुकसान पावतीचे. अनुदानित खताला आता पॉस यंत्रावर अंगठा लागतो, त्याची पावती निघतेच. बियाणे आणि औषधाच्या बाबतीत उधारीच्या गिऱ्हाइकाला पक्के बिल मिळेलच असे नाही. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवले नाही म्हणून राज्यभर तक्रारी झाल्या. अशी तक्रार आली की तालुकास्तरीय तक्रार निवारण समिती शेतावर येऊन पंचनामा करते. त्या वेळी सर्वात आधी विचारतात बिल, त्यावरचा लॉट नंबर, पिशवी आणि शिल्लक बियाणे. बिल नसेल तर पंचनामा होऊनही भरपाईचे भांडण लंगडे पडते. म्हणून सांगतो, उधार घेतले तरी बिल घ्या. "उधारीचे बिल" असे त्यावर लिहून द्यायला दुकानदाराची हरकत असण्याचे कारण नाही, आणि असली तर त्या दुकानदाराबद्दल आपल्याला काहीतरी कळले.

रोख आणायची कुठून? विकास सोसायटीचे पीककर्ज त्यासाठीच आहे. महाराष्ट्रात ३ लाख रुपयांपर्यंतचे पीककर्ज मुदतीत फेडले तर व्याज सवलतीमुळे ते शेतकऱ्याला शून्य टक्क्याने पडते. एवढे स्वस्त पैसे दुसरे कुणी देत नाही. पण घडते काय? पीककर्ज मिळते त्या आठवड्यात घरात दुसरा खर्च निघतो, मोबाइल येतो, पाहुणचार होतो आणि खत मात्र उधारीवर. म्हणजे बिनव्याजी पैशाने चैन आणि चढ्या भावाने शेती. बायकांना हा हिशेब लवकर कळतो असा माझा अनुभव आहे. ज्या घरात पीककर्जाचे पासबुक घरच्या बाईच्या ताब्यात आहे त्या घरी दुकानाची वही बारीक असते. कर्ज मिळाल्याच्या आठवड्यातच हंगामाचे खत आणि बियाणे शिराळ्यातून रोखीने घेऊन टाका. भाव ठरवताना तुमचा हात वर राहील आणि दुकानदाराच्या गल्ल्यात मोसमाच्या तोंडाला पैसा पडेल. त्याला तो त्याच वेळी सर्वात जास्त लागतो.

इथवर वाचून कुणाला वाटेल की मी व्यापाऱ्याचे वकीलपत्र घेतले आहे. तसे नाही. पेठेतल्या मंडळींनाही दोन शब्द सांगायचे आहेत, आणि हे साप्ताहिक त्यांच्या गल्ल्यावरही असते हे मला माहीत आहे. चिखलाच्या पायांनी आलेल्या माणसाला पायरीवर उभे ठेवायचे आणि गाडीतून उतरलेल्याला खुर्ची द्यायची, हे अजून चालते. गिऱ्हाइकाने भाव विचारला तर "तुम्हाला काय जास्त लावणार का?" असे म्हणून भाव सांगायचाच नाही, हेही चालते. नव्या पिढीच्या मुलींना हे आवडत नाही. त्यांना किंमत लिहिलेली हवी असते, वस्तू हातात घेऊन बघायची असते आणि न घेता परत फिरण्याची मोकळीक हवी असते. ही मोकळीक कराडच्या मोठ्या दुकानात मिळते म्हणून त्या तिकडे जातात. चार रुपयांचे कारण त्या नंतर सांगतात.

या बाबतीत दूर जायला नको. वारणेच्या पलीकडे वारणानगर आहे. तात्यासाहेब कोरे यांनी तिथे साखर कारखाना उभा केला आणि सत्तरीच्या दशकात त्याच परिसरात वारणा बाजार हे सहकारी ग्राहक भांडार उभे राहिले. माळावरच्या त्या गावात एका छपराखाली धान्य, कापड, भांडी, घरसामान मिळू लागले, ठरलेल्या भावाने. शेतकऱ्याच्या बायकोने स्वतःच्या हाताने फळीवरून वस्तू उचलायची, ही पद्धत त्या काळी खेड्यापाड्यांत नवी होती. आपल्या तालुक्यातील कित्येक जणींनी तिथेच पहिल्यांदा तशी खरेदी केली असेल. त्या भांडाराचे बळ कशात होते? एकगठ्ठा खरेदीत. हजारो घरांचा माल एकदम घेतला की ठोक भाव उतरतो.

शिराळ्यातल्या किराणा दुकानदाराला एकट्याला हे जमणार नाही. पण चार-पाच दुकानदारांनी साखर, तेल, डाळी, साबण एकत्र मागवले तर? दुकाने वेगळी, गल्ले वेगळे, फक्त ट्रक एक. आपण शेतकरी उत्पादक कंपनी काढून खते-बियाणे एकत्र आणतो, त्यातलाच हा प्रकार. अडचण पैशाची नसते, एकमेकांवरच्या भरवशाची असते. शेजारच्या दुकानदाराला आपला खरेदीभाव कळेल या भीतीपोटी पाचही जण जास्त भाव मोजत बसतात. (शेतकऱ्यांत हा रोग नाही असे मी म्हणत नाही. एकत्र टोमॅटो पाठवताना कोणाची क्रेट वर ठेवायची यावरून फुटलेले गट मी पाहिले आहेत.)

आता नागपंचमीकडे येतो, कारण पेठेचा विषय निघाला की शिराळ्यात कुणीही पहिल्यांदा तेच बोलतो. जिवंत नागांच्या पूजेसाठी आपले गाव जगभर ठाऊक झाले. त्या दिवशी मुंबईकर चाकरमानी, परगावचे पाहुणे, परदेशी लोकही येत. हॉटेल, नारळ, खेळणी, मिठाई, वडाप, सगळ्यांचा तो सुगीचा दिवस. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर नाग पकडण्यावर कडक बंदी आली आणि गर्दी ओसरली. २०२५ साली केंद्र शासनाने शैक्षणिक कारणासाठी, अटी घालून, मोजके नाग पकडण्याची परवानगी दिली. नागांच्या बाबतीत गावाची श्रद्धा आहे आणि कायद्याचेही म्हणणे आहे, त्यात मी पडत नाही. मी बोलतो ते पेठेबद्दल. वर्षातल्या एका दिवसावर धंदा बेतलेला असणे म्हणजे एकाच पावसावर बेतलेले पीक. पाऊस आला तर राशी, नाही आला तर सावकार. नागपंचमी भरली तर चांगलेच आहे, पण पेठ जगवायची ती बाकीच्या तीनशे चौसष्ट दिवसांनी.

आणि त्या दिवसांत गिऱ्हाईक येत नाही असे थोडेच आहे? समर्थ रामदासांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी एक आपल्या शिराळ्यात आहे, आणि तोही एस. टी. स्टँडच्या जवळ. अकरा मारुतींचे दर्शन घेणाऱ्यांच्या गाड्या चाफळ, उंब्रज, मसूर, बहे करत इथे येतात आणि पुढे मनपाडळे-पारगावला जातात. गोरक्षनाथांच्या मंदिराला येणारे वेगळे. चांदोलीचे धरण आणि राष्ट्रीय उद्यान बघायला जाणारे वेगळे. ही माणसे शिराळ्यात किती वेळ थांबतात? दर्शन, एक चहा आणि चालले. त्यांना विकायला आपल्याकडे काय ठेवले आहे? पश्चिम भागातला भात, घरच्या भुईमुगाच्या शेंगा, रसायन न घातलेला गूळ, नाचणीचे पापड, चटण्या. हे सारे आपल्या घरांत आहे, मंदिराच्या वाटेवर नाही. पाच बचत गटांनी पाळ्या लावून शनिवार-रविवारी एक टेबल मांडले, एक-एक किलोच्या स्वच्छ पिशव्या केल्या आणि पिशवीवर गावाचे नाव, वजन, तारीख आणि किंमत लिहिली तर हा माल जागेवर जाईल. खाद्यपदार्थ विकताना अन्न सुरक्षा कायद्याखालची नोंदणी लागते, ती आधी करून घ्यावी. छोट्या विक्रेत्यासाठी ती साधी आहे.

पेठ जागेवर राहण्यासाठी आणखी एक गोष्ट लागते, ती म्हणजे नियोजन. पेठा आपोआप उगवतात असा आपला समज आहे. छत्रपती शाहू महाराजांच्या काळात, १८९५ साली, कोल्हापुरात शाहूपुरी वसली ती व्यापारासाठी, आणि तिथली गुळाची पेठ पुढे नावारूपाला आली. १९१७ साली महाराजांनी वडिलांच्या नावाने जयसिंगपूर वसवले. रेल्वेच्या कडेला, आखीव रुंद रस्त्यांचे. आधी जागा, रस्ता आणि पाणी यांचा विचार झाला. उलट, इंग्लंडात मोठी दुकाने गावाबाहेरच्या हमरस्त्यांवर गेली आणि जुन्या बाजारगावांच्या मधल्या पेठा ओस पडू लागल्या. तेव्हा १९९६ साली तिथल्या सरकारने सूचना काढल्या की नव्या मोठ्या दुकानाने आधी गावाच्या पेठेत जागा शोधावी, तिथे नसेल तरच बाहेर जावे. आपल्याकडे नाक्यानाक्यांवर गाळे उठत आहेत ते बघता ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. तालुक्याची एखादी कचेरी गावाबाहेरच्या माळावर नेण्याची भाषा कुठेही निघाली तर सरपंच मंडळींनी आधी विचारावे, की सातबाऱ्याच्या कामाला आलेला माणूस मग पेठेत फिरकेल का?

आठवडी बाजाराची तर आपण दैना करून ठेवतो. ज्या बाजारावर खेड्यातल्या बाईचे तेल-मीठ चालते, तिथे तिला सावली नाही, प्यायला पाणी नाही आणि सकाळपासून संध्याकाळपर्यंत बसायचे तर स्वच्छतागृह नाही, अशी स्थिती जिल्ह्यातल्या कितीतरी बाजारांत दिसते. पाटीभर मेथी, दोन कोंबड्या, डझनभर अंडी, शेरभर हुलगे घेऊन ती येते. एवढासा माल कुठलाही मोठा व्यापारी घेणार नाही आणि कुठलेही मोठे दुकान विकत नाही. तो फक्त आठवडी बाजारात विकतो. पावसाळ्यात चिखलात बसून विकावा लागतो, म्हणून पडत्या भावाने विकतो. चार पत्र्यांची शेड, एक नळ आणि दोन स्वच्छतागृहे एवढे झाले तरी तिच्या पाटीला बरा भाव येईल, कारण तिला घाईने विकून उठावे लागणार नाही.

याबाबतीत कायदा आपल्या बाजूने आहे, पण तो वाचलेला कमी लोकांनी. पथविक्रेत्यांसंबंधीचा केंद्रीय कायदा २०१४ साली झाला आणि तो नगरपंचायतींनाही लागू आहे. विक्रेत्यांचे सर्वेक्षण करायचे, प्रमाणपत्र द्यायचे, कुठे बसायचे ते ठरवायचे, यासाठी नगर पथविक्रेता समिती नेमावी लागते. त्या समितीत किमान चाळीस टक्के सभासद विक्रेत्यांमधून निवडलेले हवेत आणि त्यांतल्या एकतृतीयांश स्त्रिया हव्यात. पन्नास वर्षांहून अधिक काळ एकाच ठिकाणी भरत आलेल्या बाजाराला या कायद्यात वारसा बाजार म्हटले असून तिथल्या विक्रेत्यांना हलवायचे नाही असे तत्त्व घातले आहे. नगरपंचायतीची पुढची सभा असेल तेव्हा नगरसेवकाला एवढेच विचारा, की आपल्याकडे ही समिती शेवटची कधी बसली आणि तिच्यात भाजी विकणारी बाई कोण आहे.

भांडवलासाठी पंतप्रधान स्वनिधी योजना २०२० पासून आहे. २०२५ साली तिची मुदत वाढवून रकमाही वाढवल्या. पहिले कर्ज १५ हजारांपर्यंत, ते फेडले की २५ हजारांपर्यंत आणि नंतर ५० हजारांपर्यंत, विनातारण. बऱ्याच भगिनींना वाटते की ही योजना शहरात राहणाऱ्यांसाठी आहे. तसे नाही. राहायला खेड्यात असून नगरपंचायतीच्या हद्दीत येऊन विकणाऱ्या बाईलाही नगरपंचायतीचे शिफारसपत्र मिळाले तर अर्ज करता येतो. आधार कार्ड, त्याला जोडलेला मोबाइल क्रमांक आणि बँकेचे पासबुक घेऊन जावे. आपण इथे खरोखर बसतो हे दाखवताना बाजारकराच्या पावत्या उपयोगी पडतात. त्या दहा-वीस रुपयांच्या चिठ्ठ्या आपण संध्याकाळी पाटीबरोबर झटकून टाकतो. पुढच्या बाजारापासून त्या एका पिशवीत, तारखेप्रमाणे, जपून ठेवा.